सासूच्या आठवणी सुनेच्या हाती

डॉक्टर म्हणाले, "ह्यांच्या आठवणी लिहून काढा," तेव्हा मला जो आनंद झाला तो लग्नात झाला नव्हता, दोन्ही बाळंतपणांत झाला नव्हता, आणि इथून पुढं कधी होईल असं वाटत नाही. एकतीस वर्षं तुरुंगात काढलेल्या बाईला जेलरनं बोलावून सांगावं, बाई गं, माझे डोळे गेले, आता हे हजेरीपुस्तक तूच लिही, तसं झालं.

जेलर म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. बार्शीकडच्या शेतकरी घरातल्या. मी एकोणिसाव्या वर्षी सांगोल्याकडच्या गावातून शुक्रवार पेठेतल्या ह्या तीन खोल्यांत आले, तेव्हा आत्याबाई स्वयंपाकघरात शिंकल्या तरी खालच्या दुकानाच्या शटरला पोचा पडायचा. गल्लीतली कुत्री त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून रस्त्याची बाजू बदलायची.

मी वाढवून सांगते, हे पेठेत सगळ्यांना माहीत आहे. आमचे हे नव्या माणसाला आधीच बजावतात, "हिचं निम्मं धरा. आणि त्या निम्म्याला पण एकदा चाळणी लावा." असू दे. पण ह्या खोडीची मला एकदा फार मोठी किंमत पडली, आणि हा सगळा मजकूर त्यासाठीच आहे.

आत्याबाईंची एक पद्धत होती. भाकरी तव्यावरून उतरली की आधी खिडकीशी जायची. त्या ती दोन्ही हातांनी उजेडासमोर धरायच्या आणि एक डोळा मिटून बघायच्या. कुठं चीर पडलेली असली, कुठं थापताना पातळ झालेली असली, की उजेड आरपार यायचा. मग सुरू. "हितनं मला बार्शी दिसाय लागली की गं. वाण्याचं दुकान बी दिसतंय. उघडंय आज." मी एवढ्या भाकऱ्या थापल्यात की एकावर एक रचल्या असत्या तर वरच्या भाकरीवर विमानं टेकली असती, आणि त्यातली एकही खिडकीवरून न जाता ताटात पडली नाही.

लग्नाच्या चौथ्या वर्षी माझे वडील मला भेटायला आले. सकाळची पहिली एसटी धरून, पोटात काही न घालता, डाळिंबांची पिशवी मांडीवर घेऊन. लेकीच्या हातचं जेवायचं म्हणून उपाशी आलेला माणूस. मी घाईत भाकरी थापली आणि ती मधोमध फाटली. आत्याबाईंनी ती माझ्या वडिलांच्या ताटातून उचलली. ह्या वेळी खिडकीकडं नेली नाही. वडिलांच्या तोंडासमोर धरली आणि त्या भोकातून त्यांच्याकडं बघत म्हणाल्या, "तुमी मला हितनं दिसताय की, पाव्हणं. नाक, मिशी, समदं. लेकीला काय शिकवून धाडलंय?"

वडील म्हणाले, "आमचंच चुकलं, विहीणबाई." ताटातच हात धुतला आणि उठले.

त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. येत राहिले. पण आमच्या घरात पाण्याशिवाय काही घेतलं नाही. "आत्ताच जेवून आलोय," म्हणायचे. त्यांचे ओठ सुकलेले असायचे.

हे मी सगळ्यांना सांगितलं. नवऱ्याला, शेजारणींना, नणंदेला. आणि सगळे हसले. हिचं निम्मं धरा! नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, कुर्डुवाडीला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये असतात, त्या तर म्हणाल्या, "आई तोंडानं फटकळ हाय, पण पाव्हण्याला असं बोलायची न्हाय. वहिनी, तुमी लई रंगवता." जन्मभर मी शंभर गोष्टी रंगवल्या असतील. जी एक गोष्ट जशीच्या तशी सांगितली, तीच खोटी ठरली. तेव्हापासून माझी एकच इच्छा आहे. ही गोष्ट कुणीतरी खरी म्हणावी, आणि आत्याबाईंना तिचं काहीतरी व्हावं.

आणि नेमक्या त्याच विसरायला लागल्या.

आधी चष्मा, मग गॅस, मग आमचं नाव-गाव. एके दिवशी जिन्यात म्हैस शोधत होत्या. डॉक्टरांनी तपासलं, कागदावर घड्याळ काढायला लावलं. आत्याबाईंनी भाकरी काढली. मी दिवसा गणवेश शिवायच्या कारखान्यात जाते, म्हणून घरी एक बाई ठेवायची ठरली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सांभाळणाऱ्या बाईसाठी एक वही करा. ह्यांना काय आवडतं, कशाचा राग येतो, जुने प्रसंग, जुनी माणसं. बिथरल्या की त्यातलं वाचून दाखवायचं. स्वतःचं काही ऐकलं की माणूस जाग्यावर येतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं ह्यांना कोण ओळखतं?"

खरंय. एकतीस वर्षं मी दुसरं बघितलंय काय?

शंभर पानी वही आणली आणि सूड उगवायला बसले. लिहिलं असं की जणू आत्याबाईच बोलतायत. "मी स्वभावानं फार मऊ. मी जन्मात कुणाला टाकून बोलले नाही. माझी सून म्हणजे माझ्या गळ्यातला ताईत. तिची भाकरी म्हणजे पुनवेचा चंद्र. तिच्या माहेरचं माणूस आलं की मी स्वतःच्या ताटातलं काढून त्याला वाढायचे." एका पानावर तर मी त्यांना माझे पाय चेपायला लावले. आवडीनिवडीच्या पानावर लिहिलं, "दुधी भोपळा जीव की प्राण." आत्याबाई दुधी ताटात दिसला तर ताट बदलून मागायच्या. मी 'जीव की प्राण' खाली दोन रेघा ओढल्या.

मनात हिशोब सरळ होता. रोज दोन वेळा ऐकून ऐकून एक दिवस त्या स्वतःच्या तोंडानं म्हणतील, माझी सून चंद्र. बास. मग मरायला मी मोकळी, त्या मोकळ्या.

सांभाळायला आलेली बाई विणकरांच्या घरातली. घरात तेलुगू बोलणारी, मराठी चांगली, आवाज खणखणीत. मला अक्का म्हणते, आत्याबाईंना अम्मा. तिनं वही अशी मनावर घेतली की पोथी झक मारेल. सकाळी वाचन, जेवायला बसवून वाचन, आणि मध्ये दुधी.

पहिले दोन दिवस मी कारखान्यात मशीनवर बसून एकटीच हसत होते. चौथ्या दिवसापासून आत्याबाई जेवेनात. आधी दुधी सारला, मग भाकरी, मग भात. दोन आठवड्यांत हातातल्या बांगड्या कोपराच्या वर चढल्या. वाऱ्याच्या दिवशी खिडकी लावून घ्यावी लागायची. डॉक्टर म्हणाले, आठवड्यात खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

त्या शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी होती. मी जिना चढून आले तर आतून बाईचं वाचन ऐकू येत होतं, "माझी सून म्हणजे माझ्या गळ्यातला ताईत..." आणि आत्याबाई दाराशी उभ्या. काखेत साडीचं बोचकं. मला बघून हात जोडले. मला! त्या हातांनी!

"बाई," त्या म्हणाल्या, "हे घर तिचंय ना? त्या मऊ बाईचं? लई चांगली बाई हाय म्हणं ती. मी न्हाय ओ तशी. तिच्या ताटात मला बसवत्यात रोज. ती आली म्हंजी काय म्हणंल? मला माझ्या घरी घालवा की."

मी तिथंच पायरीवर बसले.

मला दया आली असं लिहिलं तर तुम्ही मला चांगली म्हणाल, म्हणून लिहीत नाही. मला संताप आला, आणि तो स्वतःचा. अगं शहाणे, म्हटलं, तू काय करून बसलीस? जिच्याशी तुझा दावा आहे ती बाई तू स्वतःच्या पेननं खोडून टाकलीस! आता ही मरेल ती मऊ म्हातारी म्हणून मरेल. वन्सं फोटोला हार घालतील, डोळे पुसतील, म्हणतील आमची आई गाय होती गाय. आणि पुरावा कुठला? तर सुनेनंच लिहिलेली वही. माझ्या बापाची भूक मीच खोटी पाडली.

वही फाडली. दुसरी आणली. रविवारी सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले. ह्या वेळी सगळं खरं. कशी खिडकीशी उभी राहायची, कुठला डोळा मिटायची, चीर लहान असली तर कुठली शिवी, मोठी असली तर कुठली. पीठ नाकाशी नेऊन "ह्ये आपल्या रानाचं न्हाय" कशी म्हणायची. दुधीला काय म्हणायची ते लिहिताना कागद जळेल असं वाटलं. खरं लिहायचं म्हटल्यावर दोन-तीन चांगल्या गोष्टीही लिहाव्या लागल्या. माझ्या धाकट्याला गोवर आला तेव्हा सहा दिवस त्याला खांद्यावरून खाली ठेवलं नव्हतं, वगैरे. त्या मी बारीक अक्षरात लिहिल्या. आणि एक अख्खं पान माझ्या वडिलांचं. त्यात एक शब्द वाढवला नाही. डाळिंबं किती होती तेही आठवेना म्हणून लिहिलं नाही.

सोमवारी वन्सं आल्या. आई जेवत नाही कळल्यावर पहिली गाडी धरून, पिशवीभर बिस्किटं घेऊन. मी रजा टाकली होती. आल्या आल्या त्यांनी वही उचलली, पानं उलटली आणि त्यांचा आवाज चढला.

"वहिनी, हे काय? आजारी माणसाची बदनामी चालवलीय व्हय?"

"डॉक्टरांनी खरं लिहायला सांगितलंय."

"खरं? तुमी आणि खरं? 'भाकरीला भोक दिसलं की आनंद होतो,' हे खरंय?"

"लहानसं भोक असलं तर लहान आनंद. मोठं असलं तर सणच."

"गप बसा. माझ्या आईला प्रेम पायजे, प्रेम." त्यांनी दूध-भात कालवला आणि आत्याबाईंसमोर बसल्या. "आई, खा गं माझी बाय. एक घास. माझ्यासाठी."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं. वन्सं तिकडून गेल्या. आत्याबाईंनी परत तोंड फिरवलं. अर्धा तास दोघी अशा गोल फिरत होत्या, चक्कीसारख्या. शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "ही बया कोण, गं? लई लगट करती."

वन्संचा चेहरा पडला. मी तो नीट बघून घेतला, घाई केली नाही, आणि मग परात ओढली.

एकतीस वर्षं जिनं मारून-मुटकून चांगली भाकरी शिकवली, तिच्यासाठी वाईट भाकरी करणं किती अवघड, ते मला विचारा. हात ऐकेना. पहिली टम्म फुगली, दुसरी तर तव्यावरून उडायच्या बेतात. शेवटी मुद्दाम पीठ कच्चं मळलं, कड फाटू दिली, मधोमध बोट घातलं, आणि तसली दोन लक्तरं ताटात टाकून आत्याबाईंसमोर ठेवली.

आत्याबाईंनी बघितलं. मान वर झाली. भाकरी उचलली, गुडघ्यावर हात रोवून उठल्या, खिडकीशी गेल्या आणि एक डोळा मिटला.

"आगं आगं आगं! ह्ये काय म्हणायचं? भाकरी हाय का खिडकीचं गज? बार्शी सोड, मला लातूर दिसतंय हितनं! कुणाची गं तू? कुणी थापाय शिकीवलं तुला, कुंभारानं का लोहारानं? आन तोंड वर करून उभी ऱ्हाती!"

काय सांगू, खालच्या शटरचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. शिव्या देत देत त्या खाली बसल्या, त्या लक्तराचा तुकडा मोडला, शेंगाच्या चटणीला लावला आणि तोंडात घातला. "पिटात मीठ बी न्हाय," म्हणाल्या आणि दुसरा मोडला. दीड भाकरी खाल्ली. सांभाळणारी बाई दारात उभी राहून बघत होती, तिनं कपाळाला हात लावला. "अम्माला असं पायजे व्हय! मग मी करते की, अक्का. आमच्या घरात भातच असतोय, मला भाकरी येतच न्हाई."

असली गुणी बाई शोधून सापडणार नाही.

वन्संनी वही परत उघडली, नेमकी माझ्या वडिलांच्या पानावर. वाचलं. मला वाटलं आता म्हणतील, रंगवलंय.

"हे तेवढं एकच न वाढवता लिहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "ठाऊक हाय," म्हणाल्या. "मी हुते की तितं, वहिनी. पंचमीला आलेले माहेरी. तुमाला वाटलं शेजारी गेलेय, पण मी आतल्या दारात हुते." मग आणखी हळू, "हसले बी हुते."

सत्तावीस वर्षं! ही बाई सत्तावीस वर्षं मला तोंडावर खोटी म्हणत होती, पोटात खरं ठेवून. मला काय काय करावंसं वाटलं त्याची यादी दिली तर पोलीस येतील. मी एवढंच म्हटलं, "मोठ्यानं वाचा, वन्सं. आईसमोर."

"वहिनी, नको."

"वही तिच्यासाठीच हाय. वाचा."

आणि त्यांनी वाचलं. एसटी, रिकामं पोट, डाळिंबं, फाटकी भाकरी, भोकातून दिसलेली मिशी, ताटात धुतलेला हात. दोनदा आवाज अडकला. मी पाणी दिलं नाही.

आत्याबाई अर्धी भाकरी हातात धरून ऐकत होत्या. संपल्यावर माझ्याकडं वळल्या. "कोण म्हणायची ही बाई?"

मी वन्संकडं बघितलं. वन्सं जमिनीकडं.

"होती एक," मी म्हटलं.

"लई वंगाळ की गं. दारात आलेल्या माणसाला असं बोलायचं? जिभंला हाड न्हाय रांडंच्या. आन तू? तू काय केलंस?"

"मी काय करणार? मी सून."

"लावायची की एक मुस्काटात!" त्यांनी हातातली भाकरी ताटात आपटली. "मग? तो माणूस जेवला का?"

"न्हाई."

"न्हाई?" त्यांनी ताट माझ्याकडं सरकवलं. "आन मला वाढून बसलीस? आदी त्याला वाढ. जा."

पुढं काही केल्या खाईनात. संध्याकाळी ताट समोर ठेवलं तर म्हणाल्या, "पाव्हणा जेवला का?" आणि हात आखडून बसल्या. दुसऱ्या सकाळी सगळं विसरून फाटकी भाकरी, शिव्या, सव्वा भाकरी पोटात.

म्हणजे बघा, देवानं मला काय हत्यार दिलं होतं. हे पान वाचलं की ती बाई उपाशी. माझ्या बापाइतकीच उपाशी, आणि त्याच्याच नावानं. कोर्टानं तरी इतका मापून निकाल दिला असता का?

खोटं कशाला सांगू, मी ते वापरलं. वन्सं कुर्डुवाडीला गेल्यावर दोन वेळा, मुद्दाम, जेवायच्या आधी. पहिल्यांदा बरं वाटलं. फार बरं वाटलं. दुसऱ्यांदा आत्याबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नाही. स्वतःचं ताट उचलून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसल्या, वर दुसरं ताट झाकण घालून. खालून कुणी चढलं की वाकून बघायच्या, "पाव्हणं, तुमीच का? या की, जेवाय." दुकानातला हमाल दचकून पळाला. दुपार झाली, ऊन पायरीवर आलं, तरी उठेनात. ओठ सुकले होते.

ते ओठ मी आधी बघितलेत.

मी माफ केलं नाही. करणारही नाही, माफ करायचं ज्यांच्या हातात होतं ते गेले. पण माझ्या बापाच्या नावानं कुणी उपाशी बसलेलं माझ्या बापाला चाललं नसतं, एवढं मला त्यांची लेक म्हणून माहीत आहे. मी पायरीवर गेले, म्हटलं, "आत्याबाई, पाव्हणं मागच्या दारानं येऊन जेवून गेले. दोन भाकरी खाल्ल्या." मागचं दार आमच्या घराला नाही. जन्मभर वाढवून सांगितलं, त्यातलं हे सगळ्यात मोठं.

"चिरली नव्हती ना?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

मग त्या जेवल्या.

वहीत त्या पानाच्या डोक्यावर मी लाल पेननं लिहिलं, "हे पान जेवणाआधी वाचू नये. जेवण झाल्यावर वाचावं. पण रोज वाचावं." वन्सं पंधरा दिवस आईला कुर्डुवाडीला नेतात तेव्हा वहीही बरोबर जाते, आणि ती ओळ त्यांनाही लागू आहे, मी फोन करून विचारते, वाचलं का.

इथं सांभाळणारी बाई अगदी नेमानं वाचते. मी कारखान्यातून येते, पायातल्या चपला काढते, आणि ती चहा ठेवता ठेवता सांगते, "अक्का, आज अम्मानं त्या बाईला लई शिव्या घातल्या."

"कुठल्या कुठल्या?" मी विचारते, आणि खुर्ची ओढून बसते. "पहिल्यापासून सांग. एक पण गाळू नको."